दोनशेच्या पुढे जात नाही

अहो नाही ताई, गाडीला काहीच झालेलं नाही. लावली आपली चार्जिंगला उगाच. त्रेसष्ट टक्के बघून तुम्ही हसलात ना मघाशी — दिसलं मला. हसा, हसण्यासारखंच आहे ते. जेवून आलेल्या माणसाने पुन्हा ताटावर बसावं तसा प्रकार. पण दुसरं मशीन मोकळं आहे ना? मग कुणाची अडवणूक नाही. कुणी आलंच तर लगेच काढतो, शब्द देतो. तोवर एक चहा द्या, साखर कमी — आणि काम नसेल तर बसा जरा. नाही, तक्रार नाही हो! तुमच्या मशीनबद्दल कोण तक्रार करणार? मी तर या मशीनबद्दल इतकं चांगलं ऐकलंय की काय सांगू. एकाच माणसाकडून ऐकलंय, पण भरपूर ऐकलंय.

मी लिफ्टवाला. म्हणजे लिफ्टची देखभाल, दुरुस्ती — बावीस इमारती आहेत माझ्याकडे. लिफ्ट अडकली की पहिलं काय करायचं असतं, माहितीय? हत्यारं नंतर. आधी दाराला तोंड लावून आतल्या माणसाशी बोलत राहायचं. काहीही बोला, पण थांबू नका. मग आतला माणूस बोलायला लागतो, आणि एकदा लागला की — बापरे! बायकोला न सांगितलेलं, साहेबाला न सांगितलेलं, सगळं त्या फटीतून बाहेर येतं. दार उघडलं की मात्र माझ्याकडे बघतसुद्धा नाही, खाली मान घालून चालता होतो. मला सवय आहे ऐकायची. बोलायची नाही. म्हणून जरा वेडंवाकडं होईल, सांभाळून घ्या.

दुपारी तुम्हीच असता ना इथे? रोज? मग तुम्हाला आठवेल. एक म्हातारा माणूस — उंच, थोडा पुढे झुकलेला, खांद्याला खाकी पिशवी, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. गाडी नाही, बसने यायचा. समोर उतरून रस्ता ओलांडून — हो! तेच! टेपने वायर मोजली, तेच ते! मोजून म्हणाले असतील, साडेतीन मीटर, म्हणजे गाडी उलटी लावली तरी पुरेल. हसू नका, मला फोनवर हेच सांगितलं होतं. 'गाडी तोंडाने लावलीस तरी पुरेल, पाठीने लावलीस तरी पुरेल.' ते माझे वडील. अण्णा. एकतीस वर्षं बस डेपोत मिस्त्री होते. आयुष्य बसच्या पोटाखाली आडवं पडून काढलं; घरी आले की आधी हात दिसायचे, मग माणूस.

आले तर का आले — तेच सांगायचंय. खरं म्हणजे सांगायचं नाहीय, मला तुम्हाला एक विचारायचंय. पण आधी सांगितल्याशिवाय विचारता येत नाही, अशी गोम आहे.

आई-अण्णा राहतात ते गाव इथून पुढे एकशे तीस किलोमीटर. मी मागे, शहरात — एकशे साठ. एकूण दोनशे नव्वद. आणि ही गाडी, तुम्हाला मी काय सांगायचं, तुम्ही रोज पन्नास बघता — कंपनी साडेचारशे सांगते, ते सोडा, पण तीनशे वीस-तीस तर डोळे झाकून जाते. एसी लावून जाते. म्हणजे सकाळी पूर्ण भरून निघालं की मधे न थांबता दुपारच्या जेवणाला आईच्या हातचं. सरळ हिशेब. दुसरीतल्या पोराला सांगितला तरी करेल. तर मी अण्णांना काय सांगितलं असेल? मी सांगितलं, 'अण्णा, ही गाडी दोनशेच्या पुढे जात नाही.'

असंच. तोंडातून निघालं आणि झालं. रविवारी सकाळी फोन असतो आमचा. आई बोलते सगळं आणि शेवटी एक मिनिट अण्णांकडे देते — 'बरा आहेस ना? पाऊसपाणी? बरं, ठेवतो.' एवढंच. बाप-लेकांचं बोलणं ते. डेपोत काम करणारा माणूस, मोठ्या आवाजात थोडं बोलायची सवय. तर त्या रविवारी आईने विचारलं, कधी येताय रे तिघं, वर्ष व्हायला आलं. आणि मी म्हटलं, आई, जुनी गाडी होती तेव्हा ठीक होतं, ही विजेची लांब जात नाही. बस म्हणशील तर खारूला बस लागते, ओकते ती. खारू म्हणजे माझी मुलगी. खारुताईसारखी तुरुतुरु पळते म्हणून खारू, आठ वर्षांची आहे. तर आई हळहळली, आणि फोन अण्णांकडे गेला. नेहमीसारखं एक मिनिट होईल म्हणून मी चपला घालायला लागलो. तर अण्णा म्हणाले, 'किती जाते म्हणालास?' मी म्हटलं दोनशे. 'भरलेली दोनशे का वापरून दोनशे? चढावर किती खाते?' मी चपला काढल्या. पस्तीस मिनिटं बोललो आम्ही त्या दिवशी. आयुष्यात पहिल्यांदा.

तुम्हाला वाटेल वडिलांना फसवलं, सरळ गोष्ट आहे. तशी सरळ राहिली असती तर बरं झालं असतं. मला वाटलं होतं, म्हातारा माणूस, 'अरे काय या नव्या गाड्या' म्हणेल आणि सोडून देईल. पण मिस्त्रीला तुम्ही सांगितलंत की गाडी पोचत नाही, तर तो 'अरेरे' म्हणेल का? तो बाह्या वर करेल. पुढच्या रविवारी फोन आईने उचललाच नाही, अण्णांनीच उचलला. 'नव्वद कमी पडतायत,' म्हणाले. 'मधे एकदा भरली की झालं. कुठे भरतात ते शोधून ठेव.' मी म्हटलं, शोधलं, त्या रस्त्याला काही नाही. मग त्यांनी कुणाला विचारलं, कुठून काढलं देव जाणे — एसटीच्या जुन्या ड्रायव्हरांना फोन केले म्हणे — आणि तुमची ही जागा सापडली. 'एकशे साठवर आहे, अगदी पोटात,' म्हणाले. मग मी म्हटलं, असेल, पण तिकडे तुमच्याकडे आल्यावर परतीसाठी कुठे भरू? घरातल्या सॉकेटला लावली तर वायर जळेल. आठ दिवसांत त्यांनी वायरमन बोलावला, मीटरपासून वेगळी जाड वायर ओढली, अंगणात खड्डा खणून अर्थिंग केलं, आणि गाडी उभी राहील तिथल्या भिंतीवर सॉकेट — वर पत्र्याची टोपी, पाऊस लागू नये म्हणून. टोपी स्वतः कापली. फोटो पाठवायला लावला आईला. मी तो फोटो बघितला आणि फोन उलटा ठेवला टेबलावर.

मी भिंत बांधायचो, ते त्यात दार पाडायचे. मी म्हणायचो मधला घाट आहे, चढावर बॅटरी बसते. ते म्हणायचे, उताराला परत भरते ना पण? वाचलंय मी. आणि मग इतके खूश व्हायचे त्या गोष्टीवर — 'एकतीस वर्षांत डिझेल कधी उतारावरून परत टाकीत आलं नाही रे!' पुन्हा पुन्हा म्हणायचे. शेजाऱ्यांना सांगायचे. मी म्हणायचो, आणि मशीन नेमकं बंद असलं तर? खारूला घेऊन रस्त्यात अडकू का? तेव्हा त्यांनी फोन आईकडे दिला. मला वाटलं संपलं. तर दोन रविवारांनी म्हणाले, 'मी जाऊन आलो.' कुठे जाऊन आलात? 'मशीनपाशी. चालू आहे. एक जलद, एक साधं. चाळीस मिनिटं लागतात. तिथे एक बाई असते, चांगली आहे, ती म्हणाली बंद पडत नाही सहसा.' ती तुम्ही. तीन तास बसने येऊन, तुमच्याशी बोलून, तीन तास परत. आईला सांगितलं, डेपोतल्या मित्राकडे चाललोय. म्हणजे खोटं बोलणं घरात माझ्यापासूनच सुरू झालं आणि तिकडपर्यंत पोचलं बघा — आणि ते मात्र न थांबता दोनशे नव्वद गेलं.

चहा चांगला आहे. नाही, पुरे.

आणि एक सांगू का, म्हणजे हे सांगायला नको, पण आता तोंड उघडलंच आहे — मला ते फोन आवडायला लागले होते. हीच खरी लाज आहे. मी आठवडाभर नवीन अडचण शोधायचो, आणि ती न येण्यासाठी शोधतोय की रविवारसाठी शोधतोय तेच कळेना. लिफ्टच्या डोक्यावर उभा राहून केबलला ग्रीस लावताना मनात यायचं, टायरमधली हवा! हवा कमी असली की गाडी कमी जाते, अण्णांना विचारू. आणि मग तासभर टायरवर. त्यांनी मला लहानपणी कधी मांडीवर घेतल्याचं आठवत नाही, पण किती हवा भरायची हे त्यांनी मला दोनदा समजावून सांगितलं, आणि मी दोन्ही वेळा पहिल्यांदाच ऐकतोय असं 'हो का?' म्हटलं.

का? का म्हणजे — का जात नव्हतो? हां. विचारलंत शेवटी. सगळे तेच विचारतील. भांडण वगैरे काही नाही हो अण्णांशी, माझ्या बापाशी कुणाचं भांडण होऊच शकत नाही. कामाचा व्याप, आपलं रोजचं... एकच रविवार मिळतो, त्यात धुणं, भाजी, आणि दर दुसऱ्या रविवारी तर खारू असते माझ्याकडे, मग तिला —

हो. दर दुसऱ्या रविवारी. पकडलंत. तुम्ही लिफ्टच्या कंपनीत चांगल्या चालल्या असतात ताई.

खारूची आई आणि खारू वेगळ्या राहतात. चौदा महिने झाले. त्याच शहरात, लांब नाही, वीस मिनिटांवर. आदळआपट नाही, आरडाओरडा नाही, कुणाचं कुठे काही नाही. नुसतं — एके दिवशी ती म्हणाली, तू घरात असतोस तेव्हा आणि नसतोस तेव्हा मला फरक कळेनासा झालाय. मी काय बोललो माहितीय? बरं म्हटलं. 'बरं, ठेवतो' यातलाच तो बरं. ही गाडी घेतली तेव्हा रंग तिनेच निवडला होता. तर घरी जायचं म्हणजे तिघांनी जायचं, आणि मी एकटाच फाटकातून आत शिरलो की आई माझ्या खांद्यावरून मागे बघणार. मागे बघणार आणि थांबून राहणार, मागून येतायत म्हणून. ते एक बघणं टाळायला मी वर्ष काढलं. आता बोलून दाखवताना किती लहान वाटतं! एका नजरेला भिऊन एवढा घोळ.

नाही, माहीत नाही त्यांना. म्हणजे आईला तरी नाही. खारूची आई अजून दर गुरुवारी माझ्या आईशी फोनवर बोलते, तिची गुडघेदुखी, हिचं ऑफिस, सगळं नीट. मला म्हणाली, सांगायचं काम तुझं आहे, मी करणार नाही, पण खोटंही बोलणार नाही. विचारलं तर सांगेन. आईने विचारलंच नाही. विचारायचं कशाला, तिला वाटतं दोघं एकाच स्वयंपाकघरात आहेत. आणि खारू... एका रविवारी ती माझ्याकडे असताना फोन आला. आईने विचारलं असेल, आजीकडे केव्हा येणार गं? मी समोर उभा. तर खारूने माझ्याकडे बघितलं — मी काही खूण केली नाही हो, शपथ, नुसता उभा होतो — आणि म्हणाली, 'बाबाची गाडी लांब जात नाही, आजी.' अगदी माझ्याच आवाजात. फोन ठेवून चित्र रंगवायला बसली. आठ वर्षांची पोर. बापाची अब्रू झाकायला शिकली आणि शिकवलं कुणी? एखाद्याने तिथेच गाडीची किल्ली उचलली असती. मी तिला आइस्क्रीम खायला नेलं.

मग सहा आठवड्यांपूर्वी, बुधवारी — अण्णा तिसऱ्यांदा इथून परत गेले. तिसरी वेळ आठवते ना? ऊन फार होतं त्या दिवशी. गावात बस थांबली, उतरायला लागले, आणि शेवटच्या पायरीवरून पाय सुटला. पडले. ज्या माणसाने एकतीस वर्षं बसच्या पायऱ्या वेल्डिंग करून दिल्या तो पायरीवरून पडला. मांडीचं हाड, अगदी वर, खुब्याजवळ. संध्याकाळी आईचा फोन आला, ऑपरेशन उद्या सकाळी आहे, तू काळजी करू नकोस, तुझी गाडी लांब येत नाही माहितीय मला, बघ कसं जमतं ते. एवढं होऊन ती मलाच सांभाळून घेत होती! मी उजाडता निघालो. शहाण्णव टक्के होती. कुठे थांबलो नाही ताई. इथून गेलो, याच रस्त्यावरून, तुमचा हा फलक डावीकडे दिसला, हा बाक दिसला, आणि मी नजर समोर ठेवली. पाच तासांच्या आत दवाखान्याच्या दारात उभा. स्क्रीनवर चौदा टक्के.

ऑपरेशनला न्यायच्या आधी दहा मिनिटं भेटू दिलं. मी आत गेलो. आई उशाशी. तिने पाहिलं माझ्याकडे — आणि मागे बघितलं बरं का, अशा वेळीसुद्धा — मी म्हटलं, खारूची परीक्षा आहे. आणि अण्णा, पाय असा वजन लावून टांगलेला, ओठ कोरडे, त्यांनी मला काय विचारलं? 'किती उरली?' मला आधी कळेना. मग कळलं. खरं बोललो — त्या दिवशी तेवढं एकच खरं बोललो — म्हटलं, चौदा. आई म्हणाली, 'इतक्या लवकर कसा रे आलास? थांबला नाहीस का कुठे?' मी तोंड उघडलं, आणि माझ्याआधी अण्णाच म्हणाले, 'थांबला असेल की. मधे जलद मशीन आहे, मीच दाखवलंय त्याला.' आणि डोळे मिटले.

आता तुम्ही मला सांगा. शहाण्णवने निघालेला माणूस इथे चाळीस मिनिटं भरून पुढे एकशे तीस गेला असता, तर तिथे चौदा उरली असती का? निम्मी तरी उरली असती. मी किती टक्क्यांनी निघालो ते त्यांना माहीत नव्हतं म्हणा, पण ज्याने जन्मभर कोणती बस किती पिते हे नुसत्या आवाजावरून सांगितलं, त्याला ही वजाबाकी येत नसेल? येत असेल ना? म्हणजे मग त्यांनी आईसमोर मला झाकलं. का खरंच वाटलं त्यांना, पोरगा इथे थांबून आला? सहा आठवडे हाच एक किडा डोक्यात वळवळतोय. तेव्हापासून चार वेळा गेलो-आलो. आता बरे आहेत, वॉकर घेऊन खोलीतल्या खोलीत फिरतात, त्याच्या चाकांना तेल घालायला लावलं मला. सगळं बोलतो आम्ही. हे नाही बोलत. मी विचारत नाही आणि ते सांगत नाहीत. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं — ते नुसते माझ्याकडे बघून हसले तरी मला वाटतं, माहीत आहे यांना.

मागच्या खेपेला दवाखान्याचे कागद शोधताना आईने त्यांची पिशवी माझ्यासमोर ओतली. त्यात वही होती. लहान, खिशात मावेल अशी, रबर लावलेली. तुम्ही पाहिली असेल, इथे बसून लिहायचे ना? तुमच्या या जागेची तीन पानं आहेत. तारखेवार. 'यंत्रे दोन. वायर साडेतीन मीटर. संडास स्वच्छ, बायकांचा वेगळा.' ते खारूच्या आईसाठी. 'बाकावर तीननंतर सावली. त्याआधी आल्यास मुलीला आत बसवणे.' दुसऱ्या वेळेला लिहिलंय, वीज गेली तर मागे जनरेटर आहे. तिसऱ्या वेळेला तुमचा फोन नंबर. मी विचारलेल्या एकेका शंकेला एकेक खेप. म्हणजे तो पाय माझ्याच शंकेने मोडला की नाही? नाही, नाही, समजूत घालू नका. वयाला पडायला कारण लागत नाही, डॉक्टरही तेच म्हणाले. पण बसमधे चढायला कारण लागतं ना? ते मी दिलं.

तर आज चाललोय मी. एकटाच. आणि आज आईला सांगणार आहे सगळं, खारूचं, तिच्या आईचं, ठरवून निघालोय. खारूच्या आईला काल तसं कळवलंही — ती म्हणाली, बरं केलंस, हवं तर मी मागून फोन करेन त्यांना. आईचं मी बघून घेईन. रडेल, बोलेल, चार दिवस अबोला धरेल. पण अण्णांसमोर बसायच्या आधी मला एवढं कळायला हवं, त्यांना ठाऊक होतं की नव्हतं? इथे दिवसभर अशा गाड्या येतात. तुम्ही त्यांच्याशी बोललात. या गाडीचं नाव त्यांनी तुम्हाला सांगितलंच असणार, वहीत कंपनीसकट लिहिलंय. तर तुम्ही त्यांना — ही गाडी किती जाते, याबद्दल तुमचं काही बोलणं —

ताई? फडकं ठेवा ना खाली. टेबल स्वच्छ आहे.

बोला. मला राग नाही येणार. कुणाचा राग येणार मला?

पहिल्याच वेळी? म्हणजे टेप आणली होती तेव्हाच. काय म्हणालात तुम्ही नेमकं? ... 'आजोबा, ही गाडी तर तिथून निघून न थांबता तुमच्या गावी जाते, रोज दोन-तीन तरी इथून तशाच जातात, आमच्याकडे बघतसुद्धा नाहीत.' बरं. खरंच आहे ते. तुम्ही कशाला वाईट वाटून घेता, तुम्हाला काय ठाऊक? मलाही कुणी विचारलं असतं तर... बरं, मग? मग ते काय म्हणाले? वायर गुंडाळून परत अडकवली. नीट. मग पाणी मागितलं. आणि?

'मग त्याचं दुसरंच काहीतरी असेल.'

एवढंच म्हणाले? रागाने नाही? नुसतं. दुसरंच काहीतरी असेल. हं.

थांबा पण. ते त्यानंतर आणखी दोनदा आले. सहा-सहा तास बसमधे. जनरेटर बघितला, नंबर लिहून घेतला, रविवारी मला फोनवर सांगितलं सगळं, 'वीज गेली तरी घाबरायचं कारण नाही.' गाडी पोचते हे माहीत असताना? मग यायचं कशाला? तुम्हाला नाही वाटलं विचित्र? विचारलं नाहीत तुम्ही?

विचारलंत. तिसऱ्या वेळी. इथेच, या बाकावर. सांगा ना, आता अर्ध्यावर नका ठेवू. काय म्हणाले?

...

परत सांगा.

'रविवारी पोराशी बोलायला काहीतरी नवीन नको का, पोरी?'

...

नाही. काही नाही. पाणी नको, बसा तुम्ही — नाही, बसू नका, ती बघा गाडी वळली आत, माणसं उतरतायत. जा तुम्ही. मी काढतो वायर, येते मला, नीट अडकवून ठेवतो. अण्णांना? नाही, निघालो म्हणून फोन नाही करत. फोनवर पुष्कळ बोलून झालंय आमचं. जा ना ताई. ते हाक मारतायत.